कापेल त्याने मागून घ्यावं

आबा पडले ते ऐन कांदा काढणीत. म्हाताऱ्या माणसाला पडायला मुहूर्त लागत नाही हे खरं, पण निदान पीक घरात येईपर्यंत तरी थांबायचं, असं त्यांच्या थोरल्या सुनेच्या, थोरलीच्या मनात आलं आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. पाटाच्या कडेला ते नुसते उभे होते. कुणाचा धक्का नाही, की पाय घसरला नाही. थोरला मुलगा दोन वाफे पलीकडे उकिडवा बसून कांदे उपटत होता. त्याने मान वर केली तेव्हा बांधावर बापाची काठी तेवढी उभी रुतलेली होती, बाप खाली होता.

दवाखान्यात खुब्याच्या हाडात सळई घातली. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, ते पडल्यामुळे की त्यामुळेच पडले, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. डावा हात गेला, डावा पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. आबांना ओळखणारे म्हणाले, ती जाणारच नव्हती.

घरी आणल्यावर मधल्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली. तिथून विहीर दिसायची आणि कांद्याचं रान दिसायचं. शेजारच्या सुतारमामांनी खाटेवर दोन खांब उभे करून मध्ये एक आडवा दांडा बसवून दिला, धरून जरा वर सरकता यावं म्हणून. सुतारमामा आबांपेक्षा थोडे लहान, त्यांच्याबरोबर सबंध आयुष्य काढलेले. दांडा ठोकता ठोकता म्हणाले, "आबा, आता माकडासारखे लटकायचे दिवस आले."

"तू खाली उभा राहा," आबा म्हणाले. "हात सुटला तर तुझ्यावरच पडतो."

एवढं हसून झालं आणि मग जे खरं काम होतं ते सुरू झालं. ते थोरलीच्या अंगावर आलं. कुणी तिला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. घरात बाई एकच होती, तेव्हा विचारायचं कुणाला? सकाळी भांडं द्यायचं, पुसून घ्यायचं, पावडर लावायची, कोरडं नेसवायचं. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठ फुटेल असं नर्सबाईंनी बजावलं होतं. त्यासाठी थोरलीने आपलं एक तंत्र बसवलं होतं. आबांच्या खाली जुनी चादर दुहेरी घडी करून ठेवलेली असायची. तिचं एक टोक मुठीत गुंडाळायचं, आपला गुडघा खाटेच्या माचव्याला लावायचा, श्वास धरायचा आणि ओढायचं. आबा हाडापेराने मोठे होते. दुपारपर्यंत थोरलीची कंबर धरायची, आणि दुपारनंतर रानात पुन्हा वाकायचं असायचं. रानातून येताना हाताला कांद्याचा वास आणि नखांत माती, की साबणाने धुवून पुन्हा खाटेपाशी.

पहिले काही दिवस आबांनी भिंतीकडे तोंड फिरवून ठेवलं. जिच्यासमोर कधी अंगात सदरा नसताना बाहेर आले नव्हते, तिने आता हे सगळं करायचं. लघवी लागली तरी सांगायचे नाहीत, कळ लागेपर्यंत धरून ठेवायचे आणि मग अंथरूण भिजायचं. शेवटी एका सकाळी थोरली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, तुम्ही लाजलात की मला दोन चादरी जास्त धुवाव्या लागतात. जरा कमी लाजा. मला काढणी आहे."

आबांनी डोळे उघडले. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि मग अर्ध्या तोंडाने हसले. त्या दिवसापासून ते हाक मारायला लागले.

थोरला मात्र त्या वेळी खोलीत यायचा नाही. दाराबाहेर उभा राहून "झालं का?" एवढं विचारायचा. झालं म्हटलं की आत येऊन बापाच्या पायाशी बसायचा, पाय चेपायचा, पावसापाण्याचं बोलायचा. वाईट माणूस नव्हता. बापाचं उघडं अंग त्याला बघवत नव्हतं. थोरलीला बघवत होतं असं नाही, पण तिला तसं म्हणायची सोय नव्हती.

धाकटा मुलगा शहरात बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिना अरुंद. बायको शिवणाच्या कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी तो फळं आणि मोठ्या माणसांचे डायपर घेऊन आला. बापाजवळ बसला, कपाळावरून हात फिरवला, मग बाहेर ओसरीवर भावाला म्हणाला, "दादा, मी चौकशी केलीय. आमच्याकडे एक जागा आहे, म्हाताऱ्या माणसांची. नर्स असते, डॉक्टर येतो. स्वच्छ आहे. एका खोलीत सहा खाटा."

"आणि आबा त्यातल्या सहाव्या खाटेवर," थोरला म्हणाला.

"मग तू सांग काय करायचं? वहिनी किती दिवस ओढणार?"

"तू ने ना तुझ्याकडे."

"तिसऱ्या मजल्यावर? त्यांना खुर्चीत बसवून जिन्यातून नेता येत नाही रे, वळणावर अडकतं. मी मापं घेतलीत."

"बघ, मापं घेऊन झाली."

आतून आबांचा आवाज आला. "मी ऐकतोय. पाय गेलेत, कान नाही गेले."

आबा म्हणाले, "मी या घरातून दोनच रीतीनं बाहेर जाईन. चालत जाईन, नाहीतर खांद्यावर जाईन. खुर्चीतून कुणी कुठं न्यायचं नाही."

बोलताना आवाज चढा होता, पण आत उभ्या असलेल्या थोरलीला दिसलं, त्यांनी दांडा सोडून खाटेची कड धरली होती, कुणी आत्ताच उचलून नेणार असल्यासारखी. आबांना भीती वाटत होती. इतक्या वर्षांत ती तिने पहिल्यांदा बघितली.

त्यानंतर मात्र भावाभावांत रोज फोनवर धुसफूस सुरू झाली. जो जमीन कसतो त्याने बापाला बघावं, असं धाकट्याचं म्हणणं. जमीन अजून माझी कुठं झालीय, अर्धी तुझीच आहे, मग अर्धा बापही तुझाच, असं थोरल्याचं. सुतारमामा एकदा चहा पिता पिता म्हणाले, "अरे, वाटण्या करून टाका की. म्हातारा डोळ्यांनी बघतोय तोवर झालं तर बरं. मागून भांडण्यापेक्षा पुढ्यात भांडा." आबा आतून म्हणाले, "करा. आपल्या रीतीनं करा."

ही रीत म्हणजे आबांचीच. मुलं लहान असताना त्यांची आई गेली. आबांनी दुसरं लग्न केलं नाही. घरात दोन पोरं, आणि टरबूज आलं की त्या दोघांची मारामारी. कुणाला मोठी फोड, कुणाला लहान. रोज उठून न्यायनिवाडा करायचा वैताग आला तेव्हा आबांनी नियम केला. एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी घ्यायचं. कापेल त्याने मागून घ्यावं. थोरला मोठा, म्हणून सुरी त्याच्या हातात. धाकटा लहान, म्हणून पहिला हात त्याचा. भांडणं त्या दिवसापासून बंद झाली आणि आबांना आपल्या अकलेचं फार कौतुक वाटलं. गावात येईल त्याला सांगायचे.

पण वर्षानुवर्षं तेच चाललं. थोरला सोनाराच्या नजरेने कापायला शिकला, कारण तसूभर चुकलं तरी नुकसान त्याचंच. धाकटा मान जरा कलती करून दोन फोडींकडे बघायचा आणि हात बरोबर मोठीवर जायचा. पुढे गादी असो, सायकल असो, की घरातली खोली असो, तसंच. थोरला कापणारा आणि धाकटा घेणारा. दोघांनाही यात कधी काही वावगं वाटलं नाही.

तर आता थोरला जमीन कापायला बसला. बसला म्हणजे कांदे उपटता उपटता मनात कापायला लागला. घरची मिळकत फार नव्हती. घराला लागून विहिरीचा तुकडा, काळी जमीन, बारमाही पाणी. पलीकडे रस्त्याच्या कडेला माळ, आकाराने मोठा, पण दगडगोटा आणि पाण्याच्या नावानं शिमगा. राहतं घर, दोन गाई, पंप, आणि कांदा साठवायची चाळ. एवढंच असतं तर थोरल्याने डोळे मिटून सारखे वाटे केले असते. पण या खेपेला वाट्यात आबाही होते. ते कुठल्या वाट्यात घालायचे, आणि घातले तर त्याबदल्यात किती जमीन त्या बाजूला टाकायची? बाप वजनाने केवढा धरायचा? त्याने आयुष्यात इतकं अवघड काही कापलं नव्हतं.

संध्याकाळी रानात दोघं पात कापत बसले होते. वाळलेली पात पिळायची, विळ्याने कापायची, कांदा डावीकडे फेकायचा. थोरल्याने हात न थांबवता सांगितलं, "एका बाजूला विहिरीचा तुकडा, पंप, घर, दोन्ही गाई, आणि आबा. दुसऱ्या बाजूला माळ आणि चाळ."

थोरलीचा विळा थांबला. "अहो, हे सारखं कुठंय?"

"आबांचं करायचं म्हणजे खर्च आहे, माणूस अडकून पडतं. ज्याच्याकडे आबा त्याला जास्त नको?"

"एवढं जास्त?"

त्याने एक कांदा डावीकडे फेकला. मग म्हणाला, "तो आबांना घेणार नाही. नेणार कुठे? तो माळ घेईल, रस्त्याचा आहे, उद्या भाव येईल म्हणेल. आपलं आहे तसं आपल्याकडे राहील."

"म्हणजे भावाला बाप नकोय, यावर तुम्ही विहीर लावलीत."

"तसं नाही."

"तसंच आहे." तिने कांदा जरा जोरातच फेकला. "आणि आबांचं सगळं करतंय कोण? मी. मग त्या वाट्यात मीही आले का? तसं बोला मग. विहीर, पंप, दोन गाई आणि एक बाई."

थोरल्याने पुढची पात पिळली. अंधार पडेपर्यंत दोघं पात कापत राहिले आणि मग ती आबांची कूस बदलायला उठून गेली.

पुढच्या सुट्टीला धाकटा आला. शहरातून एक वकीलबाईही आल्या, कागदपत्रांचं बघायला. साक्षीला सुतारमामा. आबांना उशीला टेकवून अर्धवट बसवलं होतं, केस विंचरले होते, धुतलेला सदरा घातला होता. थोरली पाण्याचं तपेलं घेऊन दारात उभी राहिली, कारण खोलीत बसायला आता जागा नव्हती आणि तिला बस असं कुणी म्हटलंही नव्हतं.

थोरल्याने घसा खाकरला. शाळेत पाढे म्हणावे तसे त्याने दोन्ही वाटे म्हणून दाखवले. "पहिला. विहिरीचा तुकडा, पंप, घर, दोन गाई आणि आबा. दुसरा. माळ आणि चाळ."

धाकट्याने खिडकीतून बाहेर बघितलं. विहिरीवर ऊन होतं, पलीकडे निम्मं काढलेलं रान, कडेला कांद्याचे ढीग. त्याची मान किंचित कलली. थोरलीने ते बघितलं आणि तपेलं खाली ठेवलं.

"पहिला," धाकटा म्हणाला.

म्हणताना त्याने जराही वेळ लावला नव्हता. टरबुजासमोर लावायचा नाही तसाच. शब्द तोंडातून गेल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला.

थोरला म्हणाला, "पहिल्यात आबा आहेत."

"माहितीये." धाकट्याने बापाकडे बघायचं टाळलं. "करू काहीतरी. ती जागा आहेच ना... जमीन खंडाने देता येईल. त्यातून तिथला खर्च निघेल. म्हणजे, बघू."

"तू आबांना तिथं ठेवणार?"

"तूच वाट्यात घातलेस ना? मी घातले का?"

सुतारमामा हळू बोलायचं म्हणून बोलले, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

थोरला भिंतीला टेकला. नियम नियम होता. कापणाऱ्याने तक्रार करायची नसते, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. विहीर गेली, राहतं घर गेलं आणि बापही गेला, तरी तो भिंतीला टेकूनच राहिला. थोरलीला त्याचा रागही आला आणि कीवही आली. पण सगळ्यांत जास्त तिला वाटलं ते आबांकडे बघून. उजव्या हाताने त्यांनी दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. एका मुलाने त्यांना ओझं म्हणून घातलं होतं आणि दुसऱ्याला ते दिसलेच नव्हते, आणि दोन्ही त्यांच्या देखत झालं होतं.

वकीलबाई फाईल मिटून म्हणाल्या, "एक मिनिट. मला हे असं लिहिता येणार नाही. माणूस मिळकतीत धरता येत नाही. आणि मुळात हे सगळं अजून आबांचंच आहे. त्यांची स्वतःची कमाई, त्यांचं नाव. तुम्ही दोघांनी आपसात काहीही ठरवा, ते हो म्हणेपर्यंत त्याला अर्थ नाही." मग त्या खुर्ची पुढे ओढून आबांकडे वळल्या. "आबा, तुम्ही आत्ता देऊ शकता, मृत्युपत्र करून मागून देऊ शकता, काहीच न देता बसून राहिलात तरी चालेल. तुमचं काय म्हणणं आहे?"

आबांनी पाणी मागितलं. थोरलीने चोचीच्या पेल्याने पाजलं, हनुवटीवर ओघळलं ते पदराने टिपलं.

"मला वाईट वाटलं," ते म्हणाले. "हे आधी सांगून ठेवतो. नंतर म्हणाल म्हातारा काही बोलला नाही. थोरल्या, तू मला विहिरीच्या गळ्यात बांधलंस. का, तर मला कुणी घेणार नाही म्हणून. आणि धाकट्या, तू विहीर बघितलीस, मला बघितलंच नाहीस. तुझ्यावर जास्त रागावू की याच्यावर, तेच मला कळेना झालंय."

धाकट्याचे डोळे भरले. "आबा, तोंडातून गेलं. मी विचार नाही केला."

"तेच म्हणतोय मी. विचार करायची वेळच तुमच्यावर आली नाही कधी. नियम होता ना. घरात भांडणं नकोत म्हणून मी केला, आणि आज त्याच्यापेक्षा भांडला असतात तरी बरं होतं." ते दमले. थोडं थांबून वकीलबाईंना म्हणाले, "घ्या लिहून. मी असेपर्यंत घर माझं. हे आणि मागचं परसू. मी इथंच राहणार, मला इथून कुणी हलवायचं नाही. चाळीतला कांदा विकून येईल ते माझ्या औषधपाण्याला. विहिरीचं पाणी दोघांना सारखं, रान कुणाकडेही जावो."

"आणि घर तुमच्यामागून?"

"थोरलीला."

"म्हणजे थोरल्या मुलाला," वकीलबाईंनी खात्री करून घेतली.

"अंगावरून वारं गेलंय, वेड नाही लागलेलं. थोरलीला. हिला. हिच्या नावानं."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना माहीत होतं. नको आबा, मला कशाला, मी काय त्यासाठी केलं का, असं म्हणायचं असतं. मग दोनदा आग्रह व्हायचा असतो आणि डोळ्यांना पदर लावायचा असतो. सुतारमामा तर आग्रह करायला तोंड उघडून तयार होते.

"घेते," थोरली म्हणाली.

सुतारमामांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"घेते, आबा. केलंय मी, आणि करणार आहे." तिने पदर कमरेला खोचला. "पण एक आहे. घर मिळालं म्हणून हे काम माझ्या एकटीचं झालं, असं कुणी समजू नका. सुट्टीच्या दिवशी मी या खोलीत पाऊल टाकणार नाही. भावोजी, तुम्ही दर सुट्टीला यायचं. तुम्ही आणि हे, दोघांनी मिळून करायचं. सकाळपासून रात्रीपर्यंत, सगळं. डायपर आणून ठेवले म्हणजे झालं असं नाही."

"वहिनी, मला ते जमत नाही," धाकटा म्हणाला.

"मला तरी कुठं जमत होतं?"

आबा तेवढ्यात म्हणाले, "आणि रान राहिलं. धाकट्या, ते तू काप. थोरला आधी घेईल."

धाकट्याला हे कळायलाच वेळ लागला. मग तो चपला घालून बाहेर पडला, आणि खिडकीतून सगळे त्याला बघत राहिले. तो विहिरीपर्यंत गेला, माळापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. खाली बसून मातीत काठीने काही रेघा ओढल्या आणि पायाने पुसल्या. मोटारीचं इंजिन उघडून जोडणारा माणूस, पण दोन तुकडे सारखे करताना घामाघूम झाला. शेवटी खिडकीशी येऊन बाहेरूनच त्याने विचारलं, "दादा, पाइप टाकला तर पाणी माळावर चढेल का?"

"चढेल. मधल्या उंचवट्याला वळसा द्यावा लागेल."

"मग माळाच्या बाजूला विहिरीच्या तुकड्यातला थोडा भाग जोडतो. चिंचेच्या झाडापर्यंतचा. नाहीतर माळवाला नागवला जाईल."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. माळवाल्याचं काय होईल, हा विचार भावाने आजवर कधी केला नव्हता, कारण त्याला कधी उरलेलं घ्यावंच लागलं नव्हतं.

"आता तू सांग," आबा थोरल्याला म्हणाले.

थोरला उभाच होता. हात एकमेकांत चोळत होता. केस पिकलेला माणूस, पण उत्तर न आलेल्या शाळकरी पोरासारखा उभा. "कुठलाही चालेल मला."

"कुठलाही नाही. एक सांग."

"त्याला काय हवं ते घेऊ दे आधी."

"त्याला विचारलेलं नाही. तुला विचारलंय. तुला काय हवंय?"

थोरल्याने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सुचवलं नाही. मग तो खाली बघून, कुणाचं तरी काही चोरतोय अशा आवाजात म्हणाला, "विहिरीकडचा. मला विहिरीकडचा हवाय."

"घे ना, दादा," धाकटा खिडकीतून म्हणाला. "एवढं काय त्यात."

एवढं काय त्यात ते धाकट्याला समजणं अवघड होतं. थोरला वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि वकीलबाई कागदात डोकं घालून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.

त्यानंतरच्या सुट्टीला धाकटा पहिल्या बसने आला. थोरलीने पाणी तापवून ठेवलं, धुतलेल्या चादरी काढून ठेवल्या, पावडर, मलम, भांडं कुठे आहे ते सांगितलं आणि मांडवाखाली कांदे निवडायला जाऊन बसली. सडके वेगळे, बारीक चिंगळी वेगळी, चांगले चाळीत. तिची पाठ खोलीच्या खिडकीकडे होती. मुद्दामच तशी बसली होती.

आतून आधी नुसती इकडून तिकडे फिरणारी पावलं ऐकू आली. मग भांड्याचा आवाज झाला, काहीतरी पडलं. धाकटा म्हणाला, "तू धर ना." थोरला म्हणाला, "कुठं धरू?" खाट करकरली. आबा कण्हले, आणि थोरलीचे खांदे ताठ झाले.

"डावीकडे नको रे, डावीकडे नको. त्या अंगाला सळई आहे!" थोरला ओरडला.

"मग तू म्हणालास ना—"

"थोरले!" आबांनी हाक मारली.

ती अर्धी उठली. हातात कांदा तसाच होता. दोन पावलांवर दार होतं, चादरीचं टोक कसं गुंडाळायचं आणि गुडघा कुठे लावायचा ते तिच्या हातापायांना पाठ होतं, आणि तो म्हातारा तिच्याच नावाने ओरडत होता. तिला रडू आलं. आपण निर्दय आहोत असं तिला वाटलं. मग ती खाली बसली, आणि कांदा डाव्या ढिगात टाकायचा की उजव्या, हे तिला काही केल्या ठरवता येईना.

आबांनी पुन्हा हाक मारली नाही. आतून भावांचे आवाज खाली आले होते. "थांब. आधी चादर सरळ कर." "तू खांद्याकडनं ये, मी कमरेला धरतो." "आबा, वळवतोय हं." खाट पुन्हा करकरली, या वेळी एकदाच. मग धाकटा एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, "दादा, पाठ बघितलीस का यांची? कुठं एक जखम नाही."

बऱ्याच वेळाने नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज झाला. कुणीतरी नाक शिंकरलं. आबा काहीतरी म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही, पण त्यावर धाकटा हसला, हे तिने ऐकलं.

दार उघडलं. थोरला बाहेर आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, सदरा पुढून भिजलेला, आणि दोन्ही हातांत झाकण घातलेलं भांडं. अंगापासून लांब धरलेलं. अंगणाच्या मध्यावर येऊन तो थांबला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. या घरात तो जन्मला होता, याच अंगणात रांगला होता.

"हे कुठं ओतायचं?" त्याने विचारलं.

थोरलीने हातातला कांदा ढिगावर ठेवला आणि परसाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तो निघाला, सांडू नये म्हणून पावलं बघत, हळूहळू.